मालकाचं नाव घेतलं त्या धुळवडीला

माहा जन्म वाड्यावरचा. वाडा म्हणलं की तुम्हा शहरातल्या माणसांना तुळया-चौकटीचा वाडा दिसतो, तसला नाय ताई, मेंढरांचा वाडा, रानात जाळं लावून रातच्याला मेंढरं कोंडायची त्यो. सिल्लोडच्या रस्त्याला कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवली व्हती, तिथं माही आई बाळंत झाली, अन् त्याच सकाळी एक मेंढी बी येली, आई म्हणायची तुही अन् कोकराची नाळ एकाच कातरीनं कापली, म्हणून तुही जीभ अशी. आता जीभ कशी हाय त्ये तुम्ही ऐकायलाच आलात, चहा घ्या, गार व्हईल.

तर आमची जात धनगराची, पायाला भिंगरी. कपाशी निघाली की त्या रानात, मका निघाली की ह्या रानात. बाप, आई, माहा एक धाकला भाऊ अन् चुलता, भागूजीतात्या. तात्याचं लगीन झालं नव्हतं, एक पाय जरा लंगडा व्हता म्हणून कुणी पोरगी दिली नाय. त्यो आम्हा दोघांना खांद्यावर घेऊन हिंडायचा, त्या लंगड्या पायानं. त्याचं सांगितल्याबिगर माहं पुढचं तुम्हाला समजायचं नाय, म्हणून आधी त्याचं सांगते.

दुपारचं ऊन व्हतं. बाप अन् बाकीचे गडी मेंढरं घेऊन पाण्यावर गेलते, आई लाकडाला. वाड्यावर कोकरं, आम्ही दोघं लेकरं अन् तात्या. एक जीप आली, त्यातनं चार जण उतरले, कोकरं उचलून जीपमदी टाकायला लागले, जसं काय त्यांच्याच बापाची. तात्यानं आम्हाला काय केलं, कोकरं झाकायची मोठी डाल असती बांबूची, तिच्याखाली घातलं, म्हणला आवाज केला तर बघा. मी डालीच्या फटीतनं समदं पाह्यलं. तात्यानं काठी फिरवली, एकाचा हात मोडला, मोडलेला मी ऐकला. मग त्या लोकांनी पहार काढली. तात्याच्या डोक्यात घातली, नारळ फुटल्यावाणी आवाज झाला. त्यो खाली बसला पण आडवा झाला नाय. एक जण डालीकडं आला, त्याला वाटलं हिच्याखाली बी कोकरं हायेत, त्यानं वाकून हात घातला, तवर तात्यानं मागून त्याचा पाय धरला अन् पोटरीला दात लावले. बाकीच्यांनी तात्याला मारलं, परत मारलं, पाठीत मारलं, डोक्यात मारलं, पण दात सोडले नायत. बाप आला कुत्रे घेऊन तवा जीप पळाली, त्यो एक सापडला. तात्या मेला व्हता अन् त्याचे दात अजून त्याच्या पोटरीत व्हते, बापाला कातरीच्या टोकानं जबडा उघडावा लागला.

आमच्यात रिवाज हाय ताई. आजारानं गेला, म्हातारा व्हऊन गेला, त्यो पितर. पण ज्याचं मरण मारामारीत आलं, हत्याराखाली आलं, त्यो वीर. वीराचा चांदीचा टाक करायचा, तळहाताएवढा पत्रा, त्याच्यावर घोड्यावरचा गडी उठवलेला, अन् देवाऱ्यात ठिवायचा. धुळवडीला घरातला एक गडी फेटा बांधून, एका हातात टाक अन् एका हातात तलवार घेऊन गावातनं नाचत निघतो, त्याला वीर निघाला म्हणतात. तात्याचा टाक केला. आई मला रोज म्हणायची, ह्याच्या पाया पड, ह्यो मेला म्हणून तू हायेस. तवापासून माह्या डोक्यात एकच माप बसलं. मेला, बरं मेला, पण वाचलं कोण? तात्या मेला तर मी वाचले, भाऊ वाचला. त्यो वीर. मग पुढं ह्याच मापानं माही सासू अन् मी जन्मभर भांडलो.

लगीन झालं दौलताबादच्या पल्याड एका गावात. गावाचं नाव लिहू नका, ज्याला कळायचं त्याला कळतंच. सासऱ्यानं फिरणं सोडून गावात घर केलं व्हतं, मेंढरं व्हतीच, पण रोज सांजच्याला घरी यायची. मालकाचं नाव आत्ता नाय सांगत. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय, लग्नात उखाण्यात घेतलं त्ये घेतलं. दवाखान्यात नाव इचारलं तर मी पोराला पुढं करायचे, तू सांग रे बापाचं नाव. सांगन तुम्हाला, पण त्याच्या जागेवर सांगन.

मालक कसे, तर मेंढरासारखेच. काय सांगू तुम्हाला, कोकरू मेलं तर त्या दिवशी जेवायचे नायत. घरी पाव्हणे आले अन् बोकड कापायचा झाला की शेजाऱ्याला बोलवायचे अन् स्वतः काहीतरी काम काढून पल्याडच्या गल्लीत जायचे. मी म्हणायचे, तुम्ही धनगर हाय का बामण? हसायचे. आम्हाला एक पोरगा, दत्ता. मी दत्तू म्हणते. मालक त्याला पाटील म्हणायचे, थट्टेनं, आपल्या घरात कुठला पाटील. रोज सकाळी त्याच्या अंगावरची घोंगडी वढून म्हणायचे, ओ पाटील, उठा, मेंढरं तुमची वाट बघायलीत. पोरगं खुदुखुदु हसायचं.

पण मालकाला एक सल व्हता. गावात जमीनवाले. त्यांच्या वट्यावर मालक गेले तर खालच्या पायरीला बसायचे. कुणी शिवी नाय दिली, कुणी मारलं नाय, फकस्त मालक दिसले असं कुणी करायचं नाय. ए धनगर, जरा मेंढरं बसव आमच्या रानात, एवढंच. माणसाला भूक पोटाची एक असती, अन् मला कुणीतरी बघावं ही दुसरी असती. ती दुसरी लई वंगाळ.

तर गावात दोन गट. एक भाऊचा, एक बापूचा. भाऊ म्हंजी शहरातला पुढारी, पांढरी गाडी, अन् बापू बी तसलाच, त्याची बी पांढरी गाडी. एकदा भाऊ गावात आला अन् त्यानं मालकाच्या खांद्यावर हात ठिवला, नाव घेऊन पुढं राव लावलं. बस. ताई, त्या दिवशी मालक घरी आले त्ये येगळेच माणूस व्हते. खांद्यावरची घोंगडी चार दिवस धुतली नाय, आता घोंगडी कोण धुतं, पण सांगायचं म्हणून सांगते.

मग भाऊचा वाढदिवस आला. गावच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला. वर भाऊ एवढा, मग त्याच्या खाली बाकीचे, मग अजून खाली गावातली पोरं-माणसं, अन् एकदम खालच्या रांगेत, कोपऱ्यात, माहे मालक. शुभेच्छुक. अंगठ्याएवढं तोंड. आम्हाला समद्यांना घेऊन गेले दाखवायला, सासूला, मला, पाटलाला खांद्यावर बसवून. मला इचारलं, कसा दिसतो? मी म्हणलं, कळपात हरवल्यावाणी दिसता. रुसले. रातच्याला भाकर खाल्ली नाय. आता वाटतं, छान दिसता म्हणलं असतं तर काय गेलं असतं माहं. पण मी तर अशीच बोलायचे, अन् त्यांना त्ये ठावं व्हतं.

दोन-तीन दिवसांनी कुणीतरी फ्लेक्स फाडला. वरचं भाऊचं तोंड उंच, तिथवर हात पुरला नसंल, म्हणून खालच्या रांगेवरनं ब्लेड फिरवलेलं. मालकाच्या तोंडावरनं. बापूच्या गटानं केलं म्हणले. भाऊच्या गटाची पोरं गोळा झाली, घराघरातनं गडी काढले. मालक कुऱ्हाड घेऊन निघाले, बाभळीच्या फांद्या तोडायची कुऱ्हाड. मी वाटेत व्हते, पाणी घेऊन यायले व्हते. मी घागर खाली ठिवली अन् वरडले, अवं, माघारी फिरा. ताई, आता नीट ऐका. त्यांचा पाय थांबला. उचललेला पाय तसाच थांबला, टाच फिरायला लागली माह्याकडं. मी डोळ्यानं पाह्यलं. तवर मागून एक जण हसला, काय रं, घरून परवानगी नाय व्हय? अन् त्यो पाय पुढं पडला. माहा आवाज पोहचला व्हता, पण बायकोच्या आवाजावर गडी फिरत नाय, चारचौघात तर नायच नाय. बायकोच्या शब्दावर फिरलेला गडी गावात जगायचा कसा?

फाट्यावर दगड सुरू झाले. मी मागं पळत गेले. सायकलीच्या चैनी, काठ्या, एकाच्या हातात उसाचा कोयता. कुणाचं रक्त कुणाच्या अंगावर कळंना. त्यो कोयतावाला उत्तम, आमच्याच गल्लीच्या पल्याडचा, त्याच्या आईकडनं मी विरजण न्यायचे. उत्तमनं कोयता मालकाच्या पोटात घातला अन् वढला. मालकानं कुऱ्हाड उचलली बी नव्हती. ज्याला बोकड कापवत नव्हता त्यो माणूस काय कुऱ्हाड चालवतो? उभेच राह्यले, पोटाकडं बघत, जसं काय दुसऱ्याचंच पोट हाय. मग गुडघ्यावर आले.

मी फेटा सोडला त्यांचा अन् पोटाला गुंडाळला. आतडी माह्या हातात आली, गरम व्हती, मी आत लोटायचे अन् ती बाहेर यायची. कुणीतरी टेम्पो आणला. जे हत्यारं घेऊन आले व्हते त्यातला एक बी टेम्पोत बसला नाय, मी अन् ड्रायव्हर. दौलताबाद सोडलं तवर बोलत व्हते. काय बोलले त्ये मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, मी घास इसरन पण हे इसरायची नाय. म्हणले, साळू, लई लागलं गं. म्हणले, मला मरायचं नाय, डागदरला म्हण मला मरायचं नाय. मग आई-आई केलं, पाणी मागितलं. अन् म्हणले, पाटलाला मेंढरामागं जाऊ दे, ह्यांच्यामागं नको. पडेगाव आलं अन् हात ढिला पडला. दवाखाना तिथून पुढं, पण मग दवाखान्याचं काय काम राह्यलं.

दहाव्याला फाट्यावर नवा फ्लेक्स. ह्या टायमाला मालक एकदम वर, भाऊच्या बरोबरीला, दहा फूट. खाली लिहिलेलं, हसत हसत मरणाला सामोरा गेलेला वाघ, हुतात्मा. मला वाचता येत नाय, दत्तूनं वाचून दाखवलं, तवा नुकताच दुसरीला असंल. मी म्हणलं, हसत? कोण हसत व्हतं? जिवंतपणी अंगठ्याएवढे अन् मेल्यावर दहा फूट, मेल्याबिगर त्यांना मोठं करायला ह्यांना फ्लेक्सच पुरत नव्हता. भाऊ आला, दत्तूला मांडीवर घेतलं, भाषण केलं. मी उठले अन् म्हणले, त्यांना मरायचं नव्हतं, मला सांगितलं त्यांनी. तर सासूनं माह्या तोंडावर हात दाबला, अन् एका बाईनं मला आत नेलं, डोक्यावर परिणाम झाला म्हणले. इधवेचं कोण ऐकतं. त्यांचं मरण आता त्यांचं राह्यलं नव्हतं, गटाचं झालं व्हतं.

सासूनं गुलमंडीच्या बाजूला सराफाकडनं टाक करून आणला. मी म्हणलं, आत्याबाई, वाचलं कोण? तात्या मेला तर आम्ही दोघं वाचलो, हे मेले तर कोण वाचलं, फ्लेक्स? त्यो बी आठ दिवसात नवा छापून आला. सासूनं माह्या थोबाडीत दिली. मी तिला दोष देत नाय. तिचं एकुलतं एक पोरगं फुकट मेलं म्हणायचं, तर मग तिनं जगायचं कशावर? तिला त्यो वीरच पायजे व्हता.

दत्तू हुतात्म्याचं पोरगं म्हणून वाढला. शाळेत दरसाल बापाच्या फोटूला हार घालायला त्यालाच बोलवायचे. त्याला बापाचं खरं तोंड आठवंना, फ्लेक्सवरचंच आठवायचं, म्हणून त्यो बी तसाच छाती काढून उभा राह्याला शिकला. मी सांगायचे, तुहा बाप मेंढरावर रडायचा रे. त्यो म्हणायचा, आई, गप. पोरं त्याला घेऊन हिंडायची, गाडीवर बसवायची, तुह्या बापाचं ऋण हाय म्हणायची. अन् उत्तम जेलमदनं सुटून आला. केस वरच्या कोर्टात गेली म्हणले, मला त्यातलं कळत नाय. त्याच दरम्यान भाऊ अन् बापू एक झाले. एकाच ष्टेजवर, एकमेकाला हार घालून. आमच्या घरात मयत अन् त्यांच्या घरात सोयरीक. पण खालच्या पोरांना कुणी सांगितलंच नाय की आता भांडण मिटलं, त्यांनी आपलं धरूनच ठिवलं. राग वरनं खाली येतो ताई, पण मिटवामिटवी वरच्या वरच राहती.

मग ती धुळवड आली. दत्तूला मिशी फुटून चांगली झाली व्हती, त्यानं बापाचा टाक घेऊन वीर व्हऊन निघायचं ठरलं. गुलमंडीवरनं नवा भगवा फेटा आला, पोरांनीच आणला. सासू आनंदानं रडायली. मी सकाळी देवाऱ्याजवळ तलवार पाह्यली. आमच्या घरची तलवार गंजकी, नुसती मिरवायला, तिनं वांगं बी कापलं गेलं नसतं. त्या दिवशी तिची धार चमकायली व्हती. मी अंगठा फिरवला, रक्त आलं. मी पदर खोचला अन् मिरवणुकीच्या मागं चालायला लागले.

दिवस कलला व्हता. हलगी कडकड वाजायली, पोरांची तोंडं रंगानं काळी-लाल, कोण कोणाचं ओळखू येईना. दरसाली वीर मारुतीच्या पारापासून होळीकडं वळतो. त्या दिवशी वळला नाय. सरळ उत्तमच्या गल्लीला गेला. उत्तमला खबर लागली असंल, त्यो दारात उभा कुऱ्हाड घेऊन, अन् त्याच्या मागं उंबऱ्यात त्याची म्हातारी आई, तीच, विरजणवाली. दत्तूच्या डाव्या मुठीत बापाचा टाक, उजव्या हातात तलवार. पोरं वरडायली, घे, घे, आज घे. मी गर्दीतनं पुढं घुसले. दत्तू उत्तमपासनं चार हातावर थांबला अन् मी त्याचा पाय पाह्यला. ताई, तोच पाय. टाच वर, तशीच, फिरू का नको करायली. मी वरडले, दत्तू, माघारी फिर. मागून कुणीतरी हसलं, वाघाच्या पोटी हे काय निघालं रे? अन् पाय पुढं पडला.

तवा मला कळलं की माह्या आवाजानं ह्यो बी मरतो. आईच्या आवाजाला त्या गल्लीत काही किंमत नव्हती. मी धावले अन् तलवारीचं पातंच धरलं, ह्या डाव्या हातानं. त्यानं वढलं का मी वढलं ठावं नाय, दोन बोटं हाडापर्यंत गेली. बघा, ही अजून मिटत नायत. रक्त माह्या तोंडावर उडालं, अंबाडा सुटला, कुणीतरी मागून धरायला लागलं, हिला बाजूला घ्या म्हणले. अन् मी घुमायला लागले. केस पुढं घेऊन, दात खाऊन, घुमायला लागले. अन् म्हणले, सोडा. मी रंगनाथ हाय.

घ्या, सांगितलं नाव. रंगनाथ.

हलगी थांबली. तुम्हाला नाय कळायचं ताई त्या गल्लीत काय झालं. जिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाय, तिच्या तोंडातनं भर रस्त्यात रंगनाथ निघालं, म्हंजी ती बाई बोलत नाय, तिच्या अंगात वीर आला. ज्यानं मला धरलं व्हतं त्यो हात सोडून दोन पावलं मागं झाला. मी म्हणलं, कोण म्हणतं मी हसत मेलो? मला लई लागलं. मला मरायचं नव्हतं. माही आतडी बाहेर आली तवा तुमच्यातला एक बी टेम्पोत बसला नाय. दत्तू, मेंढरामागं जा, ह्यांच्यामागं नको जाऊ. तलवार खाली टाक.

सासू गर्दीतनं आली, माह्या पायाशी बसली, माहे गुडघे धरले अन् मला इचारलं, रंगा, लई लागलं का रे बाळा? इतक्या वर्षांत तिनं मला हे कधी इचारलं नव्हतं, कसं मेला त्ये. मी म्हणलं, लागलं आई. लई लागलं. पाणी मिळालं नाय. म्हातारी जी रडली, तसं रडणं मी कधी ऐकलं नाय. तलवार खाली पडली, दगडावर खणकन. उत्तम कुऱ्हाडीसकट उंबऱ्यात बसला. असं नाय की समदे शहाणे झाले, मागनं एक दगड आलाच, उत्तमच्या भावाचं डोकं फुटलं, शिव्या झाल्या. पण त्या दिवशी मेलं कुणी नाय. माहं माप लावा, समदे वाचले.

आता तुम्ही इचारणार, खरंच अंगात आलं व्हतं का? नाय ओ. कुणी आलं नव्हतं. घुमणं माहं, बोल मात्र त्यांचे, एक शब्द पदरचा घातला नाय. टेम्पोत मला सांगितलेलं त्ये, इतकी वर्षं माह्या तोंडून कुणी ऐकून घेतलं नाय, तर त्यांच्या तोंडून ऐकवलं. मला त्याचं काही वाटत नाय. परत वखत आला तर परत घुमन.

गावात मग राह्याला नाय जमलं. पोरं दत्तूला भागूबाई म्हणायला लागली, मालकाचा फ्लेक्स लागायचा बंद झाला, रडणाऱ्या हुतात्म्याचा फ्लेक्स कोण लावतं. आम्ही इथं पडेगावला आलो. थोडी मेंढरं, दत्तू लोडिंग रिक्षा चालवतो, त्याचं लगीन झालं, एक पोरगी हाय. सासू वारली. मरेपर्यंत रोज सांजच्याला माह्याजवळ बसायची अन् हळूच इचारायची, रंगा हायेस का? मी म्हणायचे, हाय आई. मग जेवायची. टाक देवाऱ्यात हायेत, तात्याचा माहेरनं मागून आणला त्यो पुढं, वीराच्या जागी. मालकाचा मी मागं ठिवला, पितरांच्या रांगेत. म्हणलं, इथं निवांत बसा, इथं तुम्हाला कुणी नाचवत नाय.

अन् ह्या साली, मेंढरं कातरायला बसलो व्हतो मी अन् दत्तू, कातर चालवता चालवता त्यो म्हणला, आई, त्या दिवशी तूच व्हतीस. म्हणला, मला तवाच कळलं, तू दत्तू म्हणलीस. बाप मला दत्तू कवा म्हणला? त्याचं तोंड मला आठवत नाय, पण पाटील म्हणायचा त्ये आठवतं. माह्या हातातली कातर थांबली. मी म्हणलं, मग तलवार कामून टाकली रे? तर त्यो मान खाली घालून म्हणला, टाकायचीच व्हती मला. उत्तमच्या दाराशी गेलो तवाच टाकायची व्हती. पुढं ढकलायला समदं गाव व्हतं आई, पण माघारी फिर म्हणणारं असं कुणी नव्हतं, ज्याचं ऐकलं तर मला जगता येईल. बापाचं नाव घेऊन तू त्ये केलंस.

मी मेंढीच्या पाठीवर हात ठिवला. मला त्यो दुसरा पाय दिसायला लागला, घागरीपुढं थांबलेला. त्यांना बी फिरायचंच व्हतं ताई. फकस्त फिरवणारं त्यांच्या मापाचं कुणी नव्हतं. असं किती जण असतील, ज्यांचे फोटो चौकाचौकात लागलेत, त्यांची टाच कुणी पाह्यली असंल का?

जाऊ द्या. नात उठली बघा. दत्तू रोज तिच्या अंगावरची घोंगडी वढतो अन् म्हणतो, ओ पाटलीणबाई, उठा. तुम्हाला लेकरं हायेत का? असतील तर सुखी राहू द्या, अन् त्यांना माघारी बोलवणारं कुणी असू द्या. अन् लिहिताना मालकाचं नाव लिहा, रंगनाथ. लाजू नका, मी बी आता घेते. सकाळी मेंढरं सोडताना घेते, सांजच्याला दिवा लावताना घेते. एकदा घेतलं, जीभ काय झडली नाय.